गावडे उस्तादांचा हॉल्ट

माझं पोस्टिंग काश्मीरच्या उत्तरेला होतं. उंचीवरची पोस्ट, ऐन हिवाळा. समोरच्या डोंगरधारेवर आमचीच दुसरी पोस्ट होती आणि दोन्हींच्या मध्ये एक नाला. उन्हाळ्यात त्यात नुसते दगड असतात. हिवाळ्यात वरचा सगळा उतार बर्फानं लदलेला असतो. एका पोस्टवरून दुसरीवर पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, जायची. नाला ओलांडल्याशिवाय वाट नव्हती.

आमच्या पेट्रोलचे कमांडर हवालदार दत्तू गावडे, चंदगड तालुक्यातले. मी पेठ वडगावचा, इरफान मुल्ला गारगोटीचा, बाकीचे दोघे साताऱ्याकडचे. गावडेंना आम्ही उस्ताद म्हणायचो.

नाल्याच्या काठावर हॉल्ट घ्यायचा हा नियमच आहे. बरेच जण तो उरकतात. उस्ताद उरकत नसत. काठावर आलं की सगळ्यांनी खाली बसायचं. टोपी कानावरून वर घ्यायची. बोलायचं नाही, बूट हलवायचा नाही. ते उताराकडे बघत ऐकत राहायचे. बर्फाच्या पोटात एखादा थर खचला की धप्प असा दबका आवाज येतो. तो आला की परत फिरायचं. नाही आला तर एकेकानं पलीकडे जायचं, कमरेला लांब लाल दोरी बांधून. माणूस बर्फाखाली गेला तरी दोरी वर राहते, म्हणून.

इरफानला गप्प बसणं जमायचं नाही. एकदा तो म्हणाला, "उस्ताद, पोरगी बघायला आल्यागत किती येळ बघताय? पसंत हाय का न्हाय सांगून टाका की."

"पसंत करायचं काम तिचं हाय, मुल्ला. तिनं न्हाय म्हटलं की गप चहा प्यायचा आन् माघारी जायचं."

मला तो हॉल्ट सुरुवातीला जड जायचा. भरतीच्या अकॅडमीत आम्हाला पळायला शिकवलं होतं. बसून ऐकायला कुणी शिकवलं नव्हतं. महिन्याभरात मला वेगवेगळे आवाज कळायला लागले. वारा कुठला, बर्फ कुठला, आणि स्वतःच्या छातीतली धडधड कुठली.

नाला पहाटेच ओलांडायचा, उतारावर ऊन यायच्या आत, हा दुसरा नियम. त्या दिवशी पेट्रोलचा हुकूम नाश्त्यानंतर आला. वरचे एक मोठे साहेब हेलिकॉप्टरनं पुढच्या पोस्टवर येणार होते. तिथं माणसं कमी होती. रांगेत उभी करायला माणसं पाहिजेत म्हणून आम्हाला पाठवलं. औषध न्यायचं नव्हतं, जखमी आणायचा नव्हता. रांग भरायची होती. मी हे मुद्दाम स्पष्ट लिहितो, कारण नंतर कुठल्याच कागदावर ते आलं नाही.

काठावर पोचलो तेव्हा वरच्या उतारावर ऊन पडलं होतं. उस्तादांनी हात वर केला. आम्ही बसलो. थोड्या वेळात रेडिओ बोलला, आमच्या पोस्टवरचे साहेब.

"लोकेशन बताओ."

"नाले के किनारे हैं, साब. हॉल्ट पर."

"हॉल्ट किसलिए? हेलिकॉप्टर उड चुका है."

"स्लोप पर धूप आ गयी है, साब. सुन रहे हैं. नहीं तो वापस आते हैं."

"वापस नहीं. सुनना बाद में. मूव. ओवर."

उस्तादांनी एकदा वर उताराकडे बघितलं. मग म्हणाले, "रॉजर." रोज आमच्यातला सगळ्यात हलका गडी पहिला जायचा. त्या दिवशी उस्तादांनी स्वतःच्या कमरेला दोरी बांधली.

इरफान म्हणाला, "उस्ताद, हिचं उत्तर आलं न्हाय अजून."

"म्हणून तर मी जातोय. मी पलीकडनं हात केल्याबिगार कुणी पाय टाकायचा न्हाय. रेडिओ कायबी बोलू दे."

ते निम्म्यात पोचले आणि तो आवाज आला. धप्प. त्यांनीही ऐकला असणार, कारण ते जागीच थांबले आणि वर बघितलं. मग उतार सुटला.

बर्फ खाली बसल्यावर इरफानला दोरीचं टोक दिसलं. आम्ही फावड्यांनी खणलं, जवळ पोचल्यावर हातांनी. एक हातमोजा कुठं पडला ते मला कळलंही नाही. उस्ताद सापडले तेव्हा श्वास नव्हता. माझी दोन बोटं नंतर कापावी लागली आणि त्यामुळे मी घरी आलो. रेडिओवर ज्यांचा आवाज होता, ते साहेब अजून नोकरीत आहेत. रिपोर्टात 'नैसर्गिक आपत्ती' लिहिलं. बर्फ निसर्गाचा होता. घाई माणसाची होती.

आता मी कोल्हापुरात भरती अकॅडम्यांच्या दारात, थांबून ऐकायला शिका असं सांगणारी पत्रकं वाटतो. एक मास्तर म्हणाले, "पावणं, पोरांच्या डोक्यात हे भरू नका, टायमिंग बिघडंल." मी म्हटलं, बिघडू दे. तुम्ही वाचणारे सिव्हिलियन लोकही हसू नका. तुमचाही रेडिओ दिवसभर चालू असतो. मूव, मूव, मूव. कुणाच्या रांगेत उभं राहायला पळताय, एवढं तरी काठावर बसून विचारा. वेळ नाही म्हणता. वेळ नाही हा हुकूम असतो, आणि तो देणारा नाल्यात उतरत नाही.

मागच्या महिन्यात मी आणि इरफान चंदगडला उस्तादांच्या घरी, वहिनींकडे गेलो. गावाच्या फाट्यावर उस्तादांचा मोठा फ्लेक्स लावला होता. त्यावर मजकूर होता, 'थांबणं ज्याला माहीत नव्हतं असा वीर'. खाली पुढाऱ्यांचे फोटो, उस्तादांच्या फोटोपेक्षा मोठे.

वहिनींनी चहा ठेवला. आधणात साखर घातली. मग म्हणाल्या, "एक इचारू? यष्टी सुटली तर दुसरी यील म्हणणारा माणूस त्यो. नांगराला बैल जुपायच्या आदी बांधावर बसून रान बघायचा. लोक सांगत्यात, मागंपुढं न बघता घुसला. मला खरं वाटंना. तितंच कशी घाई केली त्यांनी?"

मी सांगितलं, "त्यांनी घाई केली न्हाई, वहिनी. ते बसले होते. माघारी येतो म्हणाले होते. त्यांना उठवलं."

"कुणी?"

मी सगळं सांगितलं. हेलिकॉप्टर, रांग, रेडिओ. आम्हाला काठावर ठेवून ते एकटे गेले, तेही. चहा उतू गेला. त्यांनी गॅस बंद केला आणि फडक्यानं ओटा पुसला.

"मंजी फाट्यावर लिवलंय ते खोटं."

"खोटं."

"मग काढा ते."

इरफान म्हणाला, "वहिनी, पुढारी बोंब मारतील."

"मारू देत. माझा नवरा हाय त्यो."

आम्ही भरदुपारी फ्लेक्स उतरवला. लोक जमले, दोघेतिघे अंगावरही आले. वहिनी मध्ये उभ्या राहिल्यावर मागे सरले.

हवालदार दत्तू गावडे बर्फाला घाबरत होते, आणि तो घाबरण्यासारखाच होता. त्यांनी काठावर बसवून ठेवलेले चौघेही आज जिवंत आहेत.