राजाच्या पायाखालचा पाट

"पाय बघा, जनाब, पाय."

शाळेत कुणी नवा माणूस आला, मग तो इन्स्पेक्टर असो की अध्यक्षांचा पाहुणा, आमचे ड्रॉइंग मास्तर माझ्या कानाशी येऊन एवढंच म्हणायचे. तोंडाकडे ते बघतच नसत. तोंड माणसाला सांभाळता येतं, पाय बेसावध असतात, असं त्यांचं म्हणणं. वर्गातही तेच. पोरानं माणूस काढून आणला की हे आधी खालचा भाग तपासणार. "पाय जमले नाहीत म्हणून गवत उगवलंय होय रे?" असं म्हणून वही परत करणार. असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील. जगावर रुसलेले, पण खडू हातात आला की खुलणारे.

पोलीस ॲक्शनला सहा-सात वर्षं होऊन गेली होती. औरंगाबादेतल्या आमच्या शाळेची उर्दूची मराठी झाली होती, पण मास्तरांचे कागद कुठून मराठी होणार? सगळी सर्टिफिकेटं निजामी अमदानीतली, उर्दूतली. म्हणून दर जूनला त्यांची नेमणूक नव्यानं व्हायची आणि दर एप्रिलला संपायची. घरात बायको, दोन मुली आणि दृष्टी गेलेली सासू. मी मराठीचा मास्तर, नोकरीत कायम. आणि कायम माणसाची जीभ सैल असते, तशी माझीही होती.

आमचे अध्यक्ष सिल्लोडकडचे कापसाचे बडे व्यापारी. एका जहागीरदाराच्या देवडीतलं, म्हणजे वाड्यातलं, सामान लिलावात निघालं, तेव्हा त्यांनी एक झुंबर, एक भलीमोठी खुर्ची आणि एक चित्र उचललं. झुंबर घरी गेलं. चित्र शाळेला दान दिलं, आणि त्याखाली स्वतःच्या नावाची पाटी अशी ठोकली की लांबून आधी पाटीच दिसावी.

चित्र कुणा फ्रेंच चित्रकाराचं होतं. छापीलच, पण दाराएवढं, काचेच्या चौकटीत. रोमचा कुणी बालराजा, सात-आठ वर्षांचा, दगडी सिंहासनावर बसवलेला. अंगावर लाल मखमल, डोक्यावर मुकुट, एका हातात तलवार, दुसऱ्यात सोन्याचा गोळा. आणि पाय जमिनीपासून चांगले वीतभर वर, लोंबकळत.

आम्ही सगळे आ वासून उभे. काय ती मखमल, काय ते सोनं! मास्तर मात्र नाक मुरडून म्हणाले, "हे सगळं दर्जीकाम. कापड कापडासारखं दिसलं की ह्या फिरंग्यांना वाटतं चित्र झालं. संगमरवर बघा, धुऊन पुसून ठेवलाय. थापा आहेत सगळ्या." मग खाली वाकले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. उठले तेव्हा आवाज बदलला होता. "पण पाय खरे काढलेत हो. एवढ्यासाठी बाकीचं सगळं माफ."

त्याच वर्षी अध्यक्षांनी आपला पुतण्या हेडमास्तर करून आणला. वय चोवीस. बी.ए. कसाबसा झालेला, बोलण्यात मात्र जिल्ह्याचा कलेक्टर. वीस-वीस वर्षं खडू झिजवलेली माणसं मुकाट्यानं त्याला नमस्कार करू लागली, मीही. लिलावातली ती भलीमोठी खुर्ची मग त्याच्यासाठी शाळेत आली आणि चित्र नेमकं तिच्या मागच्या भिंतीवर लागलं. पहिल्या मीटिंगला मास्तर माझ्याकडे झुकले. "पाय बघा, जनाब."

मी टेबलाखाली पाहिलं. हेडमास्तर बुटके, खुर्ची जहागीरदारी. चपलांच्या टाचा जमिनीपासून चार बोटं वर.

बस्स. मला हसू आवरेना. आणि हसून गप्प बसेन तर मी कसला! मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या टेबलावर चढून बसलो, एका हातात छडी, दुसऱ्यात डस्टर, पाय लोंबकळते सोडले आणि सगळा देखावा करून दाखवला. कुणाची कल्पना म्हणून विचारलं, तर मोठ्या ऐटीत मास्तरांचं नाव सांगितलं. आठवडाभरात गोष्ट अध्यक्षांपर्यंत पोचली.

अध्यक्ष आले आणि मास्तरांना चित्रासमोर उभं केलं. मी हजेरीपटात तोंड घालून बसलो होतो.

"मास्तर, पायांवर लई बोलता म्हणं तुम्ही."

अध्यक्षांनी चित्राकडे बोट केलं.

"राजाचे पाय असे लोंबकळतेत, हे काय बरं दिसत नाय. खाली एक पाट काढा."

"पाट?"

"व्हय, पाट! आपल्याकडं पाटाबिगर कुणाला मान देतेत का? चांगला सागवानी काढा."

"दुसऱ्याच्या चित्राला हात लावत नसतात, साहेब. आणि ते पाय..."

"चित्र माझं हाय. तुमच्या जूनच्या कागदावर सही व्हायचीय अजून. पाट दिसला की यंदा कायमच करून टाकतो. नाय दिसला, तर दुसरा ड्रॉइंगवाला बघावा लागंल."

बाहेर आल्यावर मी तावातावानं म्हणालो, "साफ नाही म्हणा मास्तर! तत्त्वाचा प्रश्न आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी नाहीच म्हणणार होतो, जनाब. पण तुम्ही तिथंच बसला होतात. तुम्ही एकदा म्हणाला असतात तर बरं वाटलं असतं."

मी काहीतरी पुटपुटलो आणि तासाला गेलो.

मास्तरांनी चित्र टांग्यातून घरी नेलं. पंधरा दिवसांनी परत आणलं, आणि खरंच, राजाच्या पायाखाली पाट! सागवानी रेषा, चार कोपऱ्यांत पितळी फुल्या. रोमचा बादशहा दिवाळीच्या फराळाला बसल्यासारखा दिसत होता. मास्तरांची अट एकच, चित्र उंच लावायचं, कुणाचं बोट लागता कामा नये. अध्यक्ष खूश. "आता कसा राजा दिसतोय!" म्हणाले. जूनमध्ये मास्तर कायम झाले.

मला भयंकर राग आला. माझ्यामुळे त्यांच्यावर पाळी आली हे मी सोयीनं विसरलो होतो. भरल्या स्टाफरूममध्ये म्हणालो, "काय मास्तर, शेवटी तुमचेही पाय टेकले!"

ते पेन्सिलीला टोक काढत होते. मान वर न करता म्हणाले, "हां जनाब. टेकले एकदाचे."

सगळे हसले. 'पाटवाले मास्तर' हे नाव मीच पाडलं आणि ते पोरांपर्यंत गेलं. अकरा वर्षं त्यांनी ते ऐकून घेतलं. दर रंगसफेदीला चित्र स्वतः उतरवायचे, स्वतः चढवायचे. शिपायाला हात लावू द्यायचे नाहीत. आपल्याच पापाची काय ही राखण, म्हणून मी त्यावरही हसायचो. 'पाय बघा' मात्र त्यांनी मला पुन्हा कधी म्हटलं नाही. मला ते लागलं होतं. पण कबूल कोण करतो!

मास्तर रिटायर झाले आणि वर्षभरातच गेले. पुतण्या राजकारणात गेला. ज्येष्ठतेनं हेडमास्तरची खुर्ची माझ्याकडे आली, आणि त्या वर्षी रंगसफेदी निघाली. चित्र उतरवताना शिपायाचा हात निसटला. काच खळकन फुटली.

"सर," तो घाबरून म्हणाला, "पाट गेला!"

मी गुडघ्यावर बसलो. राजाचे पाय पूर्वीसारखेच वीतभर वर लोंबकळत होते. कागदाला ब्रशचा केससुद्धा लागलेला नव्हता. पाट काचांच्या तुकड्यांवर होता, एकावर सागवानी रेषा, एकावर पितळी फुली. मास्तरांनी तो काचेच्या आतल्या बाजूनं रंगवला होता.

अकरा वर्षं! एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं त्यांना. स्टाफरूमच्या कोपऱ्यात ओढून नुसतं सांगायचं होतं. का नाही सांगितलं, हा राग आधी आला. मग आठवलं, त्यांनी पूर्वी एकदा मला कानात काही सांगितलं होतं, आणि मी टेबलावर चढून बसलो होतो. ह्या वेळीही मी तेच केलं असतं. त्यांना नोकरी माझ्यापासूनच वाचवायची होती. मला माझी लाज वाटली, आजही वाटते. आज सांगतोय, कारण आता त्यांचं वाकडं करणारं कुणी उरलं नाही.

"पण सर, पाट असा कसा गेला?" शिपाई विचारत होता. दारात दोन मास्तरही येऊन उभे राहिले. सगळी गोष्ट माझ्या जिभेवर आली होती.

"काचेबरोबर गेला," मी म्हणालो. "झाडून घे. आणि पाय बघ, पाय. काचा आहेत."