सकाळी सातचं टिंब

आमच्या शेजारच्या काकांइतका तारेवर विश्वास ठेवणारा आणि माणसाच्या कानांवर मुळीच न ठेवणारा गृहस्थ अख्ख्या जबलपुरात सापडायचा नाही. जन्मभर पॉलिटेक्निकात नेटवर्किंग शिकवलं; रिटायर झाले, पण वर्ग काही सुटला नाही. निरोप देणाऱ्यानं शेवटी शब्दांची संख्या सांगावी, घेणाऱ्यानं मोजून पाहावी, म्हणजे वाटेत काही गळलं तर लगेच कळतं, हा त्यांच्या घरचा कायदा. सराफ्याच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यालाही सांगत, "आधा किलो भिंडी, एक पाव टमाटर. छह शब्द. गिन लो भैया!" तो बिचारा बोटांवर मोजून मगच तराजू उचलायचा.

दुसरी खोड याहून भारी. आपण बोलत असलो की काका दर वाक्याला "हूं" करणार, आणि आपण क्षणभर गप्प बसलो की, "काहून रे, झोपलास का?" एकदा मी वैतागलो, तेव्हा म्हणाले, "अरे, तारेतून नुसती शून्यंच गेली ना, तर घेणाऱ्याला कळत नाही, शून्य येऊन राहिलं की तारच तुटली. म्हणून सिग्नल मधूनमधून हलवावा लागतो."

एवढं ज्ञान, आणि घरची तार मात्र स्वतःच तोडून बसले होते. एकुलत्या मुलाच्या लग्नाला हट्टानं गेले नाहीत. पुण्यातल्या त्या मुलानं बोलणंच टाकलं. तेव्हापासून काका रोज सकाळी सातला त्याला मोबाइलवर एक टिंब पाठवत. फक्त टिंब. माफी मागायला जीभ रेटत नव्हती. उत्तर कधी आलं नाही.

मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळा जरा चिघळला, तीन दिवस दवाखान्यात राहावं लागलं. मोबाइल घरीच राहिलेला. "जा ना, एक टिंब टाकून ये," म्हणून माझ्या मागे लागले. एका टिंबावाचून कुणाचं काय अडतंय, असं म्हणून मी हसण्यावारी नेलं. आज त्याची लाज वाटते.

घरी आणल्यावर मोबाइल सुरू केला. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा अधूच, म्हणून मीच वाचून दाखवलं: "बाबा, टिंब कुठंय? तीन शब्द."

काकांनी बोटांवर मोजले. पुन्हा मोजले. "बरोबर आहे रे. काही गळलं नाही," म्हणाले, आणि पट्टी भिजेल म्हणून मी ओरडत असतानाही ढसाढसा रडले. जरा वेळानं नाक पुसत म्हणाले, "चलो, लिही. चुकलो. एक शब्द."

आता काका पुण्याला लेकासुनेकडे असतात. शेजार सुना झालाय. रोज सकाळी सातला माझ्या मोबाइलवर एक टिंब येतं, आणि हातातला चहा बाजूला ठेवून मीही एक उलट पाठवतो.