सरजाबाईंनी सुई हातात घेतली

मानवतच्या सरजाबाईंना शुगर होती, बीपी होता आणि गुडघे तर पायरी बघूनच कुरकुरायचे. गोळ्या त्या न चुकता घ्यायच्या, पण जेवणाआधीची इन्सुलिनची सुई सून धम्मशीला द्यायची. त्यामुळे कुठे मुक्कामाला जाणं बंदच झालं होतं. राणीसावरगावची धाकटी बहीण गयाबाई दर फोनला विचारायची, "अक्का, कवा येतीस?"

एका सकाळी सरजाबाई म्हणाल्या, "धम्मशीला, आज सुई मी घेते. तू नुसतं बघ."

"आत्याबाई, भेव न्हाई वाटत?"

"लय वाटायलंय. पण घेते."

त्यांनी इन्सुलिनच्या पेनावर डोसाचा आकडा लावला, धम्मशीलानं तो तपासला. पोटाची चिमटी धरून त्यांनी डोळे मिटले, मग स्वतःवरच रागावून उघडले आणि सुई टोचली.

"झालं? एवढंच?" त्या ओरडल्याच. "आन् मी वरीसभर तुझी वाट बघत बसले!"

पुढे बरेच दिवस सुनेच्या देखत सराव झाला. डॉक्टरांनीही जायला हरकत नाही म्हणून सांगितलं. मग सरजाबाई एसटीत खिडकीजवळ बसल्या आणि गंगाखेड येईपर्यंत शेजारच्या बाईला ही सगळी हकीकत सांगून झाली.

राणीसावरगावात गयाबाईनं ताट वाढलं. सरजाबाईंनी पिशवीतून पेन काढताच तिनं पदरानं तोंड झाकलं. "माय गं, मला बघवत न्हाई!"

"बघ की!" सरजाबाई हसत म्हणाल्या. "आता रोजच बघावं लागंल. या खेपेला मुक्कामाला आलेय मी!"