दहाव्याची गर्दी

शिरूरच्या बाजार समितीतून निवृत्त झालेल्या मच्छिंद्र आप्पांना श्रद्धांजलीच्या भाषणाची भारी हौस. घोडनदीच्या घाटावर कुणाचाही दहावा असो, माइक आधी आप्पांच्या हातात. मेलेला माणूस हयातभर भांडकुदळ असला तरी आप्पांच्या तोंडून तो देवमाणूस होऊनच स्वर्गात जायचा.

२००६ साली पोरगा दत्ता पुण्यात कंपनीत लागला. आई-बापांनी शिरूर सोडून आपल्याबरोबर राहावं म्हणून त्यानं दोघांना खराडीचा नवा फ्लॅट दाखवायला नेलं. बाग, लिफ्ट, शेजारीच दवाखाना. दत्ताची आई झुंबरबाई तर नळाला भरदुपारी पाणी बघूनच हरखल्या. आप्पांनी मात्र खाली जाऊन वॉचमनला गाठलं.

"हितं शेवटचं कोण गेलं?"

"दुसऱ्या मजल्यावरचे काका."

"दहाव्याला किती माणूस होतं?"

"घरचेच चार-पाच जण. बाकीच्यांना सुट्टी नव्हती."

"आन् भाषणं?"

"कसली भाषणं?" वॉचमननं विचारलं.

आप्पांनी तिथंच निकाल दिला. "दत्ता, ह्या गावाला संस्कृतीच न्हाई. आपलं शिरूरच बरं. माझ्या दहाव्याला घाटावर पाय ठेवायला जागा मिळायची न्हाई, बघ."

परतीच्या एसटीत रांजणगाव आल्यावर झुंबरबाई म्हणाल्या, "मागं तुम्ही महिनाभर खाटंवर पडून होता, तवा घाटावरच्या गर्दीतलं कोण आलं होतं बघायला?"

"येतील कशी?" आप्पा तडकले. "मी मेलो होतो व्हय?"