पुतळ्याच्या पोटातले कागद

"खाते क्रमांक सांगा," फोनवरचा माणूस तिसऱ्यांदा म्हणाला.

"कुठला?"

"बंद केलेल्या कार्डाचा, मिसेस टॅटरसॉल."

"ते कागद आम्ही जाळले."

"घराला आग लागली होती का?"

"छे हो! पाच नोव्हेंबरच्या होळीत जाळले. सगळी गल्ली पुतळा जाळते तेव्हा."

माणसानं ते कुठल्या रकान्यात लिहायचं याचा विचार केला असावा. तो म्हणाला, "एकोणतीस ऑगस्टनंतर विम्याच्या पैशांचा दावा घेता येणार नाही. कागद सापडला तर पुन्हा फोन करा."

नोरीननं फोन ठेवला. एकोणतीसला अजून सहा दिवस होते.

समोर चहाचा कप घेऊन शेजारीण ग्लेनिस बसली होती. बँकांनी फसवून विकलेल्या विम्याचे पैसे आता परत मिळत होते; ग्लेनिसला बावीसशे पौंड मिळाले होते. त्यातून तिनं नवी शेगडी घेतली आणि फ्लीटवूड गावातल्या प्रत्येक ओळखीच्या बाईला ती दाखवली.

"जाळले?" ग्लेनिस ओरडली. "अगं बाई, तुला डोकं आहे का?"

"विल्फची आयडिया होती."

"मग विल्फला डोकं नव्हतं."

"तेच तर तो मरेपर्यंत म्हणत होता," नोरीन म्हणाली.

विल्फ, नोरीनचा नवरा, लोकांच्या खिडक्या पुसायचा. त्याचं स्वतःचं शिडीचं गाडं, स्वतःची बादली, स्वतःचाच मालक. अठ्ठ्याण्णव साली क्रेडिट कार्ड घ्यायला बँकेत गेला, तेव्हा काउंटरवरच्या गृहस्थांनी सांगितलं की सोबत विमा घेतला की कार्ड लगेच मंजूर होतं. आजारी पडलात किंवा नोकरी गेली तर हप्ते विमा भरेल. विल्फनं सही केली. तीन वर्षांनी पावसानं ओल्या भिंतीवरून शिडी घसरली आणि त्याचा खुबा मोडला. विम्याचं उत्तर आलं: हा विमा पगारदारांसाठी आहे. आपण पगारदार नाही.

दर महिन्याला हप्ता कापला जात होता, पण तो कधीच उपयोगी पडणार नव्हता, हे काउंटरवरच्या गृहस्थांना ठाऊक होतं. विल्फला नव्हतं. विल्फला फक्त इतकं समजलं की आपण कागद वाचला नाही. "गाढव मी," तो म्हणायचा. इस्पितळात शेवटच्या आठवड्यातही नोरीनचा हात धरून म्हणाला, "राणी, काहीही सही करताना नीट वाच हं."

कार्डाचं कर्ज फिटलं ते दोन हजार सातच्या शरदात. त्या वर्षी गल्लीच्या होळीचा पुतळा विल्फनंच बनवला. आपला जुना कोट घातला, डोक्यावर टोपी ठेवली, आणि पेंढ्याऐवजी पोटात कार्डाची सगळी बिलं, नोटिसा, विम्याची पत्रं कोंबली. "खा बेट्या, जन्मभर आमचं खाल्लंस!" म्हणून पुतळ्याला थोपटलं. लोक आल्याचा केक खात खो खो हसले. पुतळा पेटला तेव्हा नोरीनला किती हलकं वाटलं होतं!

"पैसे नकोत असं नाही," ती ग्लेनिसला म्हणाली. "पण मला ते पत्र हवंय. 'चूक आमची होती' असं छापलेलं. त्याच्या थडग्याशी जाऊन वाचून दाखवीन. माझं ऐकत नव्हता, बँकेचं ऐकेल."

ग्लेनिसनं तिच्याकडे पाहिलं आणि बाह्या सरसावल्या. "त्या होळीच्या फोटोंचा डबा कुठंय?"

फोटो तिसऱ्या दिवशी मिळाला. पुतळ्याच्या खांद्यावर एक हात टाकून विल्फ हसतोय, दुसऱ्या हातानं पुतळ्याच्या छातीतून बाहेर आलेला कागद आत दाबतोय. नोरीननं शब्दकोड्याचं भिंग आणलं. कागदावर बँकेची निळी पट्टी होती. विम्याच्या हप्त्याची ओळ होती. त्याखाली छापलेलं होतं 'खाते क्रमांक', पुढे पाच, चार, आणि मग विल्फचा अंगठा.

अठ्ठावीस तारखेला ती फोटो घेऊन बँकेत गेली. काउंटरवरच्या मुलीनं चष्मा वर करून फार वेळ पाहिलं.

"आजी, मला दिसतंय. संगणकाला दिसत नाही ना."

"नावावरून शोध."

"शोधलं. बंद झालेल्या खात्याची माहिती सहा वर्षांनी पुसतात."

"मग आम्ही जाळलं म्हणून तो फोनवाला मला का बोलला? तुम्ही पण पुसलंच की!"

मुलगी लाल झाली. "अर्ज भरून ठेवू? फोटोची प्रत लावते. मुदतीत तरी जाईल."

नोरीननं अर्ज भरला. सही करायच्या आधी शेवटच्या बारीक ओळीपर्यंत सगळा वाचला. मागे रांग खोळंबली होती, तरी वाचला.

उत्तर ऑक्टोबरच्या अखेरीस आलं. वर विल्फचं नाव चुकीच्या स्पेलिंगनं होतं. या नावाचे खाते, अथवा त्यावर विमा असल्याचा पुरावा, आढळला नाही. गैरसोयीबद्दल खेद आहे.

"खेद म्हणतायत की," ग्लेनिस म्हणाली. तिचंही मन त्यात नव्हतं. "गल्लीत पुतळा भरतायत. देऊ का हे पत्र त्याच्या पोटात?"

"नको!" नोरीननं पत्र इतक्या जोरात ओढलं की कोपरा फाटला. तिनं तो जपून चिकटवला आणि पत्र डब्यात फोटोखाली ठेवलं.

ग्लेनिस गेल्यावर तिनं फोटो पुन्हा काढला, खिडकीशी नेला, भिंग धरलं. अंगठ्याच्या नखाच्या कडेला शिडीत चेंगरल्याचा जुना व्रणही दिसत होता. त्याच्याखाली सगळे आकडे होते.

"विल्फ," ती हळूच म्हणाली, "जरा अंगठा काढ ना."