मोहाच्या गोणपाटातला वैमानिक

कामठ्याजवळच्या आमच्या शेतात विमान पडलं तेव्हा चैत्र होता. मोहाच्या झाडांखाली वेचलेली फुलं गोणपाटांवर वाळत होती. विमान कुणा शेठचं, लहानसं. आत एकटा वैमानिक. माझ्या मोठ्या दिरांनी आणि गड्यांनी त्याला बाहेर ओढलं, एका गोणपाटावरची फुलं झटकली आणि त्यातच गुंडाळून बैलगाडीत घातलं. दवाखाना गाठायच्या आधीच तो गेला.

दीर घरी आले ते निकाल घेऊनच. "पेऊन होता तो. आंगाले मोहाच्या दारूचा वास येऊन रायला होता."

"म्हनून पडला?" सासूबाईंनी विचारलं.

"मंग? पेलेला मानूस आखीन काऊन पडते?"

झालं! उचलली जीभ, लावली टाळ्याला. चौकशीचा साहेब अजून यायचा होता, पण गोंदियाच्या बाजारात 'पायलट पिये हुए था' हे पक्कं झालं होतं. विमान खरं कशानं पडलं ते आम्हाला पुढेही कळलं नाही. दीर मात्र मरेपर्यंत तेच सांगत राहिले.

दिवसकार्य आटोपल्यावर वैमानिकाची बायको भावाला घेऊन नागपूरहून आली. विमान पडलेली जागा बघून ती आमच्या अंगणात टेकली. मी पाणी दिलं. तिच्या कपाळाकडे बघवेना, म्हणून शेजारी बसून तिचा हात धरला. तर ती एकदम वाकली आणि तिनं माझा पदर हुंगला. मला आधी रागच आला. पण तिचं ते वाकणं माझी पाठ सोडत नाही; मोह टपटपायला लागला की आजही झोप उडते.

"कसला वास हा?"

"मोहफुलाचा जी. या दिवसात आमच्या साऱ्या कपड्याले येते. तुमच्या मालकाले गुंडाळलं त्या गोणपाटालेबी..." बोलता बोलता माझीच जीभ अडखळली.

भाऊ निघूया म्हणाला, ते तिला ऐकूच गेलं नाही.

"त्यांच्या कोटाला हाच वास होता," ती म्हणाली. "कधी पिणार नाही, असा शब्द दिला होता त्यांनी मला. लोक बोलत होते, म्हणून मी कोट हुंगून पाहिला. नेताना शेवटचं तोंड बघायला बोलावलं, तर मी रागानं उठलेच नाही."