मैदानाकडे पाठ

आमच्या सरांना दोन गोष्टी मनापासून आवडायच्या: कडक चहा आणि पोरींचं रडणं. चहा कँटीनवाला द्यायचा, रडण्याची सोय ते स्वतः करायचे.

रिसोडच्या वेशीबाहेर एक लहानसं कॉलेज आहे, तिथे ते खेळाचे सर होते. मुलींचा कबड्डीचा संघ त्यांनीच उभा केला आणि निवृत्त होईपर्यंत हातातून सोडला नाही. मधे प्राचार्य बदलले, संस्थेचे अध्यक्ष बदलले, पत्रे जाऊन स्लॅब आला. सर आणि त्यांची शिट्टी तेवढी तीच राहिली. गावात त्यांना मान होता. पोरींना घराबाहेर काढलं म्हणून लोक त्यांचं कौतुक करायचे. बाहेर काढून ते काय करायचे, ते बघायला कोणी मैदानावर येत नव्हतं.

स्पर्धा दिवाळीच्या आसपास लागायच्या, आणि नेमकं तेव्हाच मैदानावर लोकांचं सोयाबीन वाळत पडलेलं असायचं. ते उचललं की आम्ही भुसा-कुटार झाडायचो आणि चुन्याने रेषा मारायचो. राहिलेल्या काड्या गुडघ्यांत घुसायच्या. कोणी तक्रार केली की सर म्हणायचे, "टोचते का? मंग घरी जाऊन गादीवर झोप ना माय." आमच्यातल्या निम्म्या पोरींच्या घरी गादी नव्हती, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

नावाने त्यांनी आम्हाला कधी हाक मारली नाही. मी सात.

आता त्यांच्या शिस्तीबद्दल. कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर रांगेत बसतो. समोरचा एक बाद झाला की आपल्या रांगेतला पहिला परत आत येतो. पाळी नसताना आत घुसलं तर समोरच्यांना एक गुण, आणि पाळी आल्यावर वेळेत आत गेलं नाही तरी समोरच्यांना एक गुण. माझ्या आधीच्या एका पोरीने प्रेक्षकांच्या गलक्यावर भुलून चुकीच्या वेळी उडी मारली होती आणि सामना गेला होता. त्यावर सरांनी उपाय काढला. बाद झालेल्या पोरीने मैदानाकडे पाठ करून बसायचं. मान वळवायची नाही. पाळी आली की ते नंबर घेऊन "उठ" म्हणणार, तेव्हाच उठायचं.

"माह्या आवाजावर उठाचं. देव आला बोलावाले, तरी बसून राह्यचं."

सरावात जी मान वळवेल तिला संध्याकाळी ते मैदानाच्या कडेला रोलरवर बसवून ठेवायचे. तिच्या गावाकडे जाणारी शेवटची काळी-पिवळी जीप निघून गेली की म्हणायचे, जा आता. मग ती पोरगी अंधारात पायी घरी जायची, आणि दुसऱ्या दिवशी गावात तिच्याबद्दल काय बोलायचं ते लोक बोलायचे. एकीचं कॉलेज त्यातच सुटलं. सर म्हणाले, कच्चं मडकं होतं, बरं झालं आधीच फुटलं. माझ्यावर ती वेळ एकदाच आली. त्यानंतर मी मानेला जणू खिळा ठोकून घेतला.

माझे वडील बाजार समितीत हमाली करायचे. माणूस बोलायला मऊ, पण शब्दाला पक्का. शेवटच्या वर्षाला त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "इद्यापीठाच्या टीममधी नाव आलं तं शिक, कितीबी शिक. नाही आलं तं उन्हाळ्यात लगीन. पोरगा पाहून ठेवला हाय." मला हा सौदा वाटला आणि मी तो खुशीने घेतला. डाव्या कोपऱ्यात माझ्यासारखी पकड जिल्ह्यात कोणाची नव्हती. हे मी फुशारकीने सांगत नाही, आणि सांगितलं तरी आता कोणाचं काय जातं.

अंतिम सामन्यात पोचलेल्या दोन्ही संघांतून विद्यापीठाच्या टीमची निवड व्हायची. म्हणजे मला फक्त उपांत्य सामना जिंकायचा होता. तो वाशीमला होता. वडील हमालीचा खाडा करून आले आणि रेषेजवळ उकिडवे बसले.

सामना शेवटपर्यंत बरोबरीत चालला. मी बाद होऊन बाहेर आले आणि शिस्तीप्रमाणे पाठ करून बसले. समोर कॉलेजची भिंत होती, तिच्यावर पाण्याची टाकी. तेवढ्यात सरांनी पंचाला आईवरून शिवी दिली. शिवी आम्हा सगळ्यांना ऐकू आली, पंचालाही आली. त्याने लाल कार्ड दाखवलं आणि दोन शिपाई सरांना फाटकाबाहेर घेऊन गेले. हे मला मागून, फक्त कानांनी कळलं.

आणि लगेच आमच्या चढाईत समोरची एक बाद झाली. आम्ही एका गुणाने पुढे गेलो. पाळी माझी होती.

पोरी ओरडत होत्या, "सात! ये ना, सात!" वडील ओरडत होते, तेही ऐकू येत होतं. पंचाने शिट्टी मारली. सगळं ऐकू येत होतं, पण त्यात सरांचा आवाज नव्हता. मी टाकीकडे बघत बसून राहिले. मांड्या उठण्यासाठी ताठ झाल्या होत्या, आणि मान वळत नव्हती. पंचाने समोरच्यांना गुण दिला. बरोबरी झाली. एकीने येऊन मला दंडाला धरून उठवलं तोवर शेवटची चढाई सुरू झाली होती. त्यांची पोरगी रिकाम्या डाव्या कोपऱ्यातून आत शिरली, आमच्या एकीला शिवली आणि परत गेली.

फाटकाबाहेर सर आमची वाट बघत उभे होते. निकाल त्यांना कळला होता. माझ्या थोबाडासमोर बोट नाचवत ते म्हणाले, "डोये फुटले होते काय तुये? काहून नाही पाह्यलं मांगं?"

वडील म्हणाले, "चाल."

उन्हाळ्यात विहारासमोरच्या मांडवात माझं लग्न झालं. सर आले होते, बुंदी दोनदा मागून घेतली आणि स्टीलचा डबा आहेर केला. सासर शिरपूरला. सासूने पहिल्याच आठवड्यात शेजारणीला सांगितलं, "मांड्या पाह्य पोरीच्या, पानी भराच्या कामाच्या हायेत." नवरा वाईट नाही. पिऊन आला तरी भांडत नाही, झोपतो. मी किती वर्षं पाणी भरलं ते मोजलेलं नाही. सरांना मात्र रोज मनातल्या मनात शिव्या दिल्या, नेमाने, आंघोळ करावी तशा.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोप समारंभाला जुन्या खेळाडूंना आग्रहाचं बोलावणं आलं. मी गेले. कॉलेजच्या नव्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत सरांची बायको, सून, नातवंडं. आम्ही दुसऱ्या रांगेत. सर खूप म्हातारे दिसत होते, गळ्यातला हार त्यांना जड होत होता. मला एक क्षण कीव आली.

मग त्यांनी माइक हातात घेतला आणि तीच गोष्ट सांगितली, हसत हसत. "माह्या पोरींची शिस्त पाहा तुमी! सामना हारल्या, पन मान फिरवली नाही. इथंच बसली हाय सात नंबर, इचारा तिले!" हॉल हसला, टाळ्या वाजल्या. त्यांच्या बायकोनेही वाजवल्या.

मी उठले, माझी खुर्ची उचलून उलटी ठेवली आणि स्टेजकडे पाठ करून बसले.

शेजारी पाच नंबर होती. तिचा बाप ऊसतोडीला जायचा, आता तीच जाते. तिने खुर्ची फिरवली. मग आणखी काहींनी. एकीने नाही फिरवली, ती त्याच संस्थेच्या शाळेत शिकवते.

सर आधी हसले. "काय करून राह्यल्या ह्या पोट्ट्या?" मग म्हणाले, "झालं आता, फिरा इकडं. सुनबाई हाय, लेकरं हायेत." कोणी फिरलं नाही. माझ्या समोर मागच्या रांगांमधले लोक टाळ्या थांबवून आमच्याकडे बघत होते. मला आनंद झाला, आणि तो मी लपवला नाही.

माइकमधून त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग ते हळूच, अगदी बापासारखं म्हणाले, "सात, उठ."

हेच दोन शब्द मला त्या दिवशी हवे होते. मी बसून राहिले.